सारविदी लिकने किल्ली दिली नाही

आमच्या सारविदी लिकला अख्खं पाराकान गाव ‘पाक इंगीह’ म्हणायचं, आणि ते काही कौतुकाने नाही. लिक म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. पाक म्हणजे नावाला जोडायचं राव, आणि इंगीह म्हणजे होय, पण मोठ्यांशी बोलतानाचं होय, दोन्ही हात पोटाशी जुळवून मान खाली घालून म्हणायचं. आणि आम्हा जावातल्या लोकांचं हे इंगीह फार लबाड आहे. त्याचा अर्थ ‘हो, करतो’ असा असू शकतो. ‘ऐकलं बरं का’ असाही असू शकतो. आणि ‘तुम्ही साफ चुकताय, पण तुमचे केस पिकलेत म्हणून मी गप्प बसतो’ असासुद्धा. कुठलं इंगीह आहे ते आम्हाला चेहऱ्यावरून कळतं. लिकच्या बाबतीत तीही सोय नव्हती, कारण त्याचा चेहरा दिवसभर कुणाच्या तरी गाडीखाली असायचा.

त्याचं गॅरेज क्लेदुंगच्या खिंडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर, फणसाच्या झाडाखाली. वर पत्रा, खाली एक खड्डा, दोन जॅक, एक जुना प्रेस, आणि पुढे बुलिक रुमिनीची, म्हणजे त्याच्या बायकोची, चहा आणि तळलेल्या तेंपेची, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांची, टपरी. इंजिनाला लिक हात लावत नाही. तो फक्त काकी-काकी बघतो. काकी-काकी म्हणजे गाडीचे पाय, सगळं सस्पेन्शन त्यात आलं. आजोबा तंबाखू कापायचे, त्यांची इच्छा होती की यानेही सुरी धरावी, पण हा एकोणिसाव्या वर्षी वोनोसोबो-सेमारांग बसवर क्लीनर म्हणून चढला आणि अकरा वर्षं त्या बसच्या खालीच राहिला म्हणायला हरकत नाही. घाट उतरताना खालून काय-काय वाजतं ते ऐकत-ऐकत शिकला.

आणि कान तरी कसा! गिऱ्हाईक यायचं आणि सांगायचं, लिक, पुढून गुडुक-गुडुक येतंय. हा विचारायचा, गुडुक की गडक? मग स्वतःच तोंडाने चार-पाच तऱ्हेचे आवाज काढून दाखवायचा, कापडाच्या दुकानात रंग उलगडून दाखवतात ना, तसे. शाळेतल्या बाई एकदा दहा मिनिटं गॅरेजमध्ये उभ्या राहून चुंई-चुंई करत होत्या आणि हा मान वाकडी करून म्हणत होता, जरा ओली चुंई की कोरडी? कोरडी म्हणजे बुशचं रबर गेलं. खळ्ळ-टक म्हणजे स्टॅबिलायझरची लिंक. ढब-ढब म्हणजे शॉकप. आणि गुडुक, खोल, पोटातून आल्यासारखं, मऊ गुडुक, ते आलं की लिकचं हसू जायचं, कारण ते बॉल जॉइंटचं, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या सांध्याचं. बॉल जॉइंट निखळला की चाक आडवं पडतं, आणि आमच्या रस्त्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

तर माणसाला सगळं कळायचं. फक्त तो सांगायचा नाही.

म्हणजे बघा, कुणीतरी फोनवर व्हिडिओ बघून यायचं आणि म्हणायचं, शॉकप बदल. लिकला माहीत की शॉकप धडधाकट आहेत. पण माणूस वयाने मोठा, चारचौघं चहा पीत बसलेले, त्याला त्यांच्यासमोर चूक कसं म्हणायचं? मग इंगीह. शॉकप बदलून मिळायचे, आवाज तसाच. आणि तो माणूस गावभर सांगायचा की सारविदीला काही येत नाही. दोन वर्षांत अशी किती गिऱ्हाइकं खाली बाजारातल्या नव्या गॅरेजकडे गेली ते मी मोजलेलं नाही, पण खड्डा रिकामा दिसायला लागला होता. मी एकदा चिडून विचारलं, की बाबा तू तोंड का उघडत नाहीस? तो म्हणाला, माणूस घरून ठरवून आलेला असतो गं, त्याचं मन कशाला मोडायचं, खरं काय ते गाडीच सांगेल आज ना उद्या. बुलिक टपरीवरून म्हणाली, गाडी सांगेल तेव्हा ती दुसऱ्याच्या खड्ड्यावर उभी असेल.

मग पाकदे प्रायित्नोंचा फोन आला. पाकदे म्हणजे बुलिकचा सगळ्यात मोठा भाऊ. सेमारांगला एका बस डेपोत सुपरवायझर. वडील लवकर गेल्यावर यांनीच चार भावंडं वाढवली, बुलिकचं लग्नही यांनीच लावलं, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी टपरीपर्यंत ऐकू येतो. त्यांनी सांगितलं की डेपोत एक जागा झालीय, साहेबांशी बोलणं झालंय, गॅरेज बंद कर, मी दोन आठवड्यांनी शनिवारी येतो, सोमवारी सकाळी माझ्याबरोबर चल, बायको मागून येईल.

लिक म्हणाला, “इंगीह.”

फोन ठेवला आणि परत गाडीखाली गेला. मी तिथेच होते. मी वाकून विचारलं, लिक, हे कुठलं इंगीह होतं? तासभर तो खालीच. त्या गाडीचं काम सकाळीच झालेलं होतं.

बुलिकला सेमारांग नको होतं. तिची टपरी, तिची गिऱ्हाइकं, तिची बहीण पलीकडच्या गल्लीत. पण तिने तरी कुठे भावाला काही म्हटलं? ती फक्त तेंपेच्या पिठात मीठ जास्त घालायला लागली आणि कुणी बोललं की म्हणायची, मिरची खा बरोबर. लिक रोज संध्याकाळी हत्यारं पुसून एकेक खोक्यात ठेवायचा आणि सकाळी परत बाहेर काढायचा. मला इतका राग यायचा ना दोघांचा. कॉलेजची सुटी संपत आली होती, तरी मी रविवारपर्यंत खोलीवर परत जायचंच नाही असं ठरवून टाकलं.

शनिवारी दुपारी पाकदे दिसायच्या आधी ऐकू आले. वळणावरून गुडुक-गुडुक, गुडुक. मग गाडी आली. तेवीस वर्षांची, सात माणसांची, निळा रंग उन्हाने पांढुरका झालेला, मीटरवर चार लाख बारा हजार किलोमीटर, आणि मधलं एक वर्ष मीटर बंद होतं ते वेगळंच. या गाडीतून पाकदेंनी भावंडांची लग्नं केली, पोरं शाळेत सोडली, आईला शेवटचं हॉस्पिटलात नेलं. तिच्याबद्दल कुणी वावगं बोललेलं त्यांना चालत नाही. ते उतरले, मला ‘बारीक झालीस’ म्हणाले, आणि मागच्या सीटवरून एक खोकं काढून लिकच्या हातात दिलं. नवे शॉकप. सेमारांगच्या मोठ्या गॅरेजात दाखवली होती म्हणाले, त्यांनी उचलून बघितली, बॉल जॉइंट टाइट आहेत, शॉकप गेलेत. बसव.

लिक स्वतःशीच अगदी हळू म्हणाला, गुडुक. मग खोक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि मी डोळ्यांनी त्याला काय-काय सांगितलं असेल ते विचारू नका.

“इंगीह, कांगमास,” तो म्हणाला. कांगमास म्हणजे थोरले दादा.

दोन तासांत चारही शॉकप बसले. किल्ली घेऊन पाकदे स्वतः निघाले, लिक शेजारी. तंबाखू वाळवायच्या मैदानाकडे जाणारा दगडी रस्ता आहे, सगळे तिथेच गाडी बघतात. तो हंगाम होता, मैदानभर बांबूच्या जाळ्या पसरलेल्या, आणि टपरीवर तंबाखूवाले पाच-सहा जण चहा घेत बसलेले. आम्हाला सगळ्यांना लांबूनच ऐकू आलं. गुडुक. गुडुक.

पाकदे परत आले ते दार आपटून, किल्ली लिककडे फेकतच. आणि मग सगळ्यांसमोर लिकची जी काही काढली! वस्तू मी आणून द्यायची, काय करायचं ते मी सांगायचं, तरी याला जमत नाही. तुझ्यासारख्याच्या डोक्यावर कुणीतरी उभं पाहिजे. सोमवारपासून माझ्या हाताखाली ये, मग शिकशील. तंबाखूवाले ग्लासात तोंड घालून हसत होते. पाक जुमाली म्हणून एक आहे, जिभेला हाड नाही त्याच्या, तो म्हणाला, “पाक इंगीह, डेपोतल्या बसगाड्यांनाही मान वाकवून इंगीह म्हणत जा हं.”

लिक हसला. म्हणजे ओठ हलले. मला तिथल्या तिथे रडू आलं आणि मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. आत बुलिक चुलीकडे तोंड करून उभी होती. ती म्हणाली, उद्या दादा वोनोसोबोला आत्याकडे जायचं म्हणतोय, मलाही घेऊन. मग तिने विचारलं, तुझ्या लिकने गाडी बघितली ना गं नीट? मी टॉवेलने तोंड पुसत राहिले. ती माझ्याकडे वळली नाही.

रविवारी मी सहाला उठले तर गॅरेजमध्ये दिवा. लिकने गाडी खड्ड्याच्या कडेला घेतली होती, पुढचं डावं चाक जॅकवर, आणि तो पालथा पडून नुसता बघत होता. हाताने चाक हलवायचा, थांबायचा, परत हलवायचा. मी चहा नेऊन ठेवला. तो तसाच निवला.

साडेसातला पाकदे आंघोळ करून, बाटिकचा शर्ट घालून, केस विंचरून बाहेर आले. बुलिक चांगले कपडे घालून तेंपेचा शेवटचा घाणा काढत होती. जुमाली आणि मंडळी रोजच्या जागेवर. पाकदे म्हणाले, खाली घे गाडी, आठला निघायचं, किल्ली आण.

लिक उठला. हात पुसले. किल्ली त्याच्या मुठीत होती, कालपासून त्याच्याकडेच होती ती. दोन्ही हात पोटाशी जुळवले, कमरेत वाकला, मान खाली, अगदी लग्नात नवरामुलगा वाकतो तसा.

“म्बोतेन, कांगमास.”

म्बोतेन म्हणजे नाही. पण मोठ्यांशी बोलतानाचं नाही. हा शब्द आम्ही शाळेत शिकतो, परीक्षेत लिहितो, आणि घरातल्या थोरल्यांच्या तोंडावर म्हणालेला मी तरी कधी ऐकला नव्हता. कढईतला तेंपे काळा व्हायला लागला तरी बुलिकचा झारा हलेना. जुमालीचा ग्लास ओठाशी.

पाकदेंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय म्हणालास?”

“किल्ली देणार नाही मी,” लिक म्हणाला. तो अजून वाकलेलाच होता आणि भाषा इतकी अदबीची की राजवाड्यात बोलावी. “रुमिनी पुढे बसणार. डाव्या चाकाचा खालचा बॉल नुसत्या सवयीने वाटीत बसलाय. खिंडीच्या तिसऱ्या वळणाला तो बाहेर येईल. मला काय बोलायचं ते बोला, कांगमास, पण इथे बसून बोला.”

“अरे मोठ्या गॅरेजवाल्यांनी टाइट सांगितलंय.”

“त्यांनी जॅक कुठे लावला होता?”

पाकदे थांबले. त्यांना आठवायला लागलं. मग म्हणाले, मधे, चासीला, कुठे लावणार अजून?

आणि मग लिकने जे सांगितलं ते त्याने आयुष्यात कुणाला सांगितलं नसेल, इतकी सलग वाक्यं. की चासीला जॅक लावला की खालचा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, लोंबतो आणि स्प्रिंग त्याला खाली रेटत राहते. त्या ताणात बॉल वाटीत घट्ट दाबून बसतो, कितीही झिजलेला असू दे, हलत नाही. हलवणाऱ्याला वाटतं टाइट आहे. जॅक आर्मच्या खाली लावायचा, चाकाच्या अगदी जवळ, म्हणजे स्प्रिंगचा भार जॅकवर येतो आणि बॉल मोकळा होतो. मग विचारायचं त्याला कसा आहेस. एवढं बोलून त्याने लांब टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, पाकदेंच्या पायाशी ठेवली. “मी सांगत नाही. तुम्हीच टायरखाली घाला आणि उचला.”

पाकदेंनी बाटिकच्या बाह्या वर केल्या. टॉमी टायरखाली घातली, उचलली.

खट.

चाक अंगठ्याच्या नखाएवढं वर आलं आणि खाली बसलं. त्यांनी परत उचललं. खट. लिकने दुसरा जॅक उजव्या आर्मखाली लावून दिला, तिथे थोडं कमी, पण खट. परत डावीकडे आले आणि अजून दोनदा उचललं. मग ते टॉमीवर हात ठेवून तसेच उकिडवे बसून राहिले आणि त्यांनी बुलिककडे बघितलं, तिच्या चांगल्या कपड्यांकडे. काल ते ह्याच गाडीने एकटे पूर्ण घाट चढून आले होते. ते सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“काल का नाही बोललास?” त्यांनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच बेताचा होता.

लिक म्हणाला, चूक माझी. काल मी इंगीह म्हणालो, ते ‘ऐकलं’ असं इंगीह होतं. रात्रभर मला झोप नाही. नवे शॉकप काढून परत देतो, जुने चांगले होते.

पाकदे म्हणाले, आता राहू देत.

त्यानंतर जो दिवस गेला तसा दिवस त्या गॅरेजने बघितला नव्हता. रविवार, सुट्या भागांचं दुकान बंद. बुलिकने चांगल्या कपड्यांवरच हेल्मेट घातलं, पिठाच्या हाताने मोटारसायकल काढली आणि खाली बाजारात दुकानवाल्या को हिन यांच्या घराचं दार वाजवलं. को हिन अर्ध्या चड्डीवर बाहेर आले. तिने काय झालं ते सांगितलं तर म्हणाले, सारविदी नाही म्हणाला? कुणाला, थोरल्या मेव्हण्याला? आणि तसेच चड्डीवर येऊन त्यांनी शटर वर केलं. दोन बॉल जॉइंट, आर्मचे चार बुश, टाय रॉडची दोन्ही टोकं, स्टॅबिलायझरच्या लिंका, सगळं घेऊन ती परत आली तेव्हा तिच्या मागे आणखी दोन मोटारसायकली होत्या, नुसतं बघायला आलेल्या.

लिकने स्प्रिंग ढिली करायच्या आधी पांढऱ्या रंगाने खूण केली, म्हणजे परत लावताना गाडी त्याच उंचीला बसावी. चाकं काढली. बॉल जॉइंटचा नट गंजून एकजीव झालेला, त्याला रॉकेल पाजून ठेवलं. मग पिन काढली, नट सैल केला, आणि हातोडा घेतला. नवखा माणूस बोल्टच्या डोक्यावर हाणतो. लिक बाजूला मारतो, ज्या लोखंडात तो रुतलाय त्याच्या गालावर. एक. दोन. आणि सगळं धप्पकन सुटून आलं. त्याने तो जुना बॉल जॉइंट फडक्यात घेऊन पाकदेंच्या तळहातावर ठेवला. खिळा आत लपक-लपक हलत होता, पडायला आलेल्या दातासारखा. पाकदे तो बराच वेळ हलवून बघत होते. बुश निघाले तर रबराला टाचेसारख्या भेगा. एकाचं तर रबर नव्हतंच, नुसती धूळ.

सुरुवातीला पाकदे बाकावर हाताची घडी घालून बसलेले. अकरा वाजता ते बाकाच्या टोकावर. बारा वाजता बाटिकचा शर्ट फणसाच्या फांदीवर आणि ते बनियनवर खड्ड्याच्या काठाशी, पाने देत होते. आणि गंमत म्हणजे, लिकचं तोंड एकदा उघडलं ते उघडलंच.

“म्बोतेन, कांगमास, तो सतराचा. एकोणीसचा द्या.”

टपरीवरून जुमाली म्हणाला, “दुसरं म्बोतेन.”

थोड्या वेळाने पाकदे नव्या बुशचा बोल्ट जोर लावून आवळायला गेले. “म्बोतेन. आत्ता नुसता हाताने. गाडी स्वतःच्या पायावर उभी राहिली की मग कसायचा. लोंबत्या आर्मवर कसला तर रबर जन्मभर पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं.”

“तिसरं,” जुमाली म्हणाला. बाकीचे बोटांवर मोजत होते. पाकदे त्यांच्याकडे रागाने बघायचे, आणि मग मुकाट्याने बोल्टवरचा पाना काढायचे. जेवायला मक्याचा भात आणि सुकी मासळी होती, आणि बुलिकच्या तेंपेत मीठ बरोबर पडलेलं. पाकदे म्हणाले पटकन जेवून कामाला लागू, आणि लिक म्हणाला म्बोतेन, सावकाश जेवा, तर जुमालीला ठसका लागला.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर गाडी खाली घेतली. लिकने बोनेटवर दोन्ही हातांनी दाबून तिला वर-खाली केलं, नीट बसू दिलं, मग खाली शिरून सगळे बोल्ट कसले. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही अंगांनी दोरी ताणली आणि टाय रॉड फिरवत-फिरवत चाकं सरळ केली. को हिन म्हणतात मशीनवाल्यांना जमणार नाही असं करतो तो दोरीने. मला त्यातलं कळत नाही, पण तो एक डोळा मिटून त्या दोरीकडे बघत होता तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो चेहरा वाचता येत होता.

चारच्या सुमारास निघालो. पाकदे चालवायला, लिक शेजारी, मागे बुलिक आणि मी. दगडी रस्ता आला. दगडांवर चाकं चढलेली-उतरलेली कळत होती, पण आवाज नाही. एकही नाही. पाकदेंनी मुद्दाम सगळ्यात वाईट दगड शोधून त्यावर गाडी घातली. काही नाही. ते श्वाससुद्धा रोखून चालवत होते. मग मोठ्या रस्त्याला वळताना त्यांनी एकदम ब्रेक मारला.

“हे काय वाजतंय? टिक-टिक? काहीतरी सुटलंय.”

“कांगमास,” लिक म्हणाला, “तो इंडिकेटर आहे. पहिल्यापासून वाजतोच.”

बुलिक इतकी हसली की तिला डोकं खिडकीला टेकावं लागलं. पाकदे हसले नाहीत. त्यांनी मान एका बाजूला करून तो टिक-टिक पूर्ण ऐकला. मग खिंडीकडे गाडी घेतली. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. तिसऱ्याला मी पुढची सीट घट्ट धरली. गाडी वळणाला अशी चिकटून गेली की बस. सुंबिंग डोंगर डावीकडे उघडा पडलेला, वर ढगाचा ठिपका नाही, आणि पाकदेंनी खिंडीच्या माथ्यावर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

समोर बघत ते म्हणाले, “सामान बांधलंस? उद्या सहाला निघू.”

बुलिकने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. मला कळत होतं की आता जर इंगीह आलं ना, तर संपलं. फणसाचं झाड, पत्रा, खड्डा, सगळं. आणि सकाळपासून कितीही म्बोतेन झाले असले तरी ते पान्यांबद्दलचे होते, बोल्टबद्दलचे. हे वेगळं होतं. या माणसाने त्याचं लग्न लावून दिलं होतं.

लिकने सीटवर बसल्या-बसल्या हात पोटाशी जुळवले.

“म्बोतेन, कांगमास. मी गॅरेज बंद करणार नाही. फोनवर मी ऐकलं म्हणालो, तुम्ही हो धरलंत. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

इंजिन निवताना कुटकुट करत होतं. पाकदे बराच वेळ स्टीअरिंगवर अंगठा घासत बसले. मला वाटलं आता दार आपटणार. ते म्हणाले, मी साहेबांना शब्द दिलाय. त्यांच्यापुढे जाऊन मी काय सांगू?

आणि मागून बुलिक बोलली. दादाच्या अंगाखांद्यावर वाढलेली, दादापुढे आवाज न काढलेली आमची बुलिक.

“म्बोतेन सांग, दादा.”

पाकदे आरशातून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला आधी कळेचना की रडतायत की काय, तर हसत होते, तो मोठा आवाज गाडीत मावत नव्हता. म्हणाले, दोन दिवसांत माझं अख्खं घर बिघडवलंत तुम्ही नवराबायकोने. म्हणाले, डेपोतल्या पोरांना जॅक कुठे लावायचा ते तरी येऊन दाखवशील का, एक दिवस? आणि लिकने विचार केला. खरंच विचार केला, मान वर करून. मग म्हणाला, हो, एक दिवस येईन, पावसाळा संपला की. आणि हे होय ‘हो, येतो’ असंच होतं, कारण तो तारीख पण सांगायला लागला.

मी सोमवारचं कॉलेज बुडवलं. आईला अजून माहीत नाही. पाकदे सहाला एकटे गेले आणि सातला लिकने पत्र्याचं दार वर केलं. पहिला आला तो जुमालीच, त्याची तंबाखूची पिकअप घेऊन. शॉकप बदलायचेत म्हणाला. लिक खड्ड्यातून बाहेर आला, म्हणाला आधी चालवून बघू, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा टपरीवर सगळे कान देऊन बसलेले. लिकने उतरून सगळ्यांच्या देखत सांगितलं, शॉकप चांगले आहेत पाक जुमाली, मागच्या पाटा-स्प्रिंगचा बुश गेलाय, तेवढाच बदलतो, दुपारी न्या. एवढं बोलून त्याने जॅक ओढला आणि खाली शिरला. जुमालीने एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा गाडीखालून बाहेर आलेल्या लिकच्या पायांकडे बघितलं, आणि बुलिकला सांगितलं, चहा दे, दुपारपर्यंत बसतो मी इथेच.